हलता कामा नये

कोकणातल्या माणसाला पेटी भरणं शिकवायला नको. तळाला भाताचा पेंढा, त्यावर आंब्याचा थर, मधल्या खाचांत पुन्हा पेंढा, वरून वर्तमानपत्र, झाकण आणि खिळे. एप्रिल-मे महिन्यांत हे काम हात आपोआप करतात. पंचाईत इतकीच की याच हातांना पूलचा किंवा स्नूकरचा क्यू, म्हणजे टेबलावरच्या बॉलला मारायची लाकडी काठी, पार्सल करायला दिला, तर ते त्यालाही आंब्यासारखाच बांधतात. पेंढा घालतात, कागद गुंडाळतात, आणि सवयीने खोक्याला हवेसाठी भोकंही पाडतात.

आंबा जिवंत असतो. तो श्वास घेतो, ऊब सोडतो, कोंडला तर नासतो, म्हणून त्याच्या पेटीतून वारा खेळायला हवा. क्यूच्या पेटीतून वारा खेळला की संपलं. पेंढा कितीही वाळलेला दिसला तरी हवेतलं पाणी शोषून ठेवतो आणि मग ते शेजाऱ्याला देतो. वर्तमानपत्राचंही तेच, शिवाय त्याची शाई फिक्या मेपलच्या शाफ्टवर, म्हणजे क्यूच्या पुढच्या बारीक भागावर, उतरते ती वेगळी. तेव्हा पेटीबद्दलचं आपलं सगळं ज्ञान इथे उलटं धरायचं. आतली हवा आतच राहिली पाहिजे आणि आतली वस्तू केसभरही हलता कामा नये.

हलणं दोन तऱ्हेचं असतं. एक दिसतं: खोका हलवला की आतून खडखड ऐकू येते. दुसरं लाकडाचं स्वतःचं असतं. सुतार म्हणतो, लाकूड खेळतंय. सागवानाच्या दाराला पावसाळ्यात खांद्याने ढकलावं लागतं, दिवाळीला तेच दार फुंकरीने लागतं. क्यूचं लाकूडही असंच खेळतं, फक्त इथे मिलिमीटरच्या हिश्शांचा हिशेब असतो. समुद्रकाठी आषाढात हवेची आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर टेकलेली असते. अशा हवेत पुरतं मुरलेलं लाकूड स्वतःच्या कोरड्या वजनाच्या १८ ते २० टक्के पाणी धरून असतं. तेच लाकूड एसी लावलेल्या, ५० टक्के आर्द्रतेच्या हॉलमध्ये महिना-दोन महिने राहिलं तर ९ टक्क्यांच्या आसपास येतं. लांबीत याने जवळपास काही फरक पडत नाही. जाडीत मात्र पडतो, आणि सगळीकडून सारखा पडत नाही. झाडाच्या वर्तुळांच्या कडेने लाकूड जितकं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याच्या दिशेने आक्रसतं. १३ मिमी जाडीचा मेपलचा शाफ्ट इतका फरक पूर्ण पचवेल तेव्हा एका दिशेने पाव मिमी आणि दुसऱ्या दिशेने जवळजवळ अर्धा मिमी बदललेला असेल. गोल होता तो किंचित लंबगोल होतो. लाकडाच्या रेषा सरळ नसतील, किंवा एकाच अंगाला ओल लागली असेल, तर वाकतो. एकदा बाक धरलेला शाफ्ट उन्हात ठेवून किंवा वजनाखाली दाबून सरळ करण्याचे उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. सरळ झालेला शाफ्ट भेटत नाही.

गंमत अशी की हा खेळ पावसानेच जन्माला घातला. १८७५ च्या पावसाळ्यात जबलपूरच्या छावणीत अडकलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत बॉल वाढवत नेले आणि स्नूकर झाला, असं मानतात. ज्या पावसामुळे खेळ सुचला त्याच पावसाला त्याची काठी भिते.

म्हणून पहिला प्रश्न कधी बांधायचं हा. आगोटीची कामं आपण मिरगाच्या आधी उरकतो, त्यात क्यूचं पार्सलही बसवता आलं तर उत्तम. नाहीतर नवरात्र उलटल्यावर. मधल्या चार महिन्यांत पाठवणं भागच असेल तर स्वयंपाकघरातली मिठाची बरणी बघावी. शुद्ध मीठ हवेत ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की पाझरायला लागतं. जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात म्हणून ते त्याच्या बरंच आधी रडायला लागतं. पिशवीतलं बारीक मीठ बशीत काढून तासभर ठेवलं आणि ते भुरभुरीत राहिलं, तर त्या खोलीत क्यू बांधायला हरकत नाही. काहीशे रुपयांत हवेची आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र मिळतं, ते अर्थात मिठापेक्षा खरं बोलतं. दोन्ही नापास म्हणत असतील तर क्यूचे भाग सुटे करून दोन-तीन दिवस एसीच्या किंवा निदान बंद, कोरड्या खोलीत आडवे ठेवायचे आणि तिथेच बांधायचे. पडवीत बसून, पागोळ्या बघत बांधायचं काम हे नव्हे.

सिलिका जेलची पुडी टाकली की झालं, हा समज इथे मोडायला हवा. क्यूसाठी पुढे सांगितलेला पाइप घेतला तर त्यात साडेसात लिटर हवा मावते. ३० अंश तापमानाला, अगदी दमट असली तरी एवढ्या हवेत पाणी असतं जेमतेम ०.२ ग्रॅम. क्यूच्या लाकडात मात्र, ते चांगलं वाळलेलं धरलं तरी, पन्नासेक ग्रॅम पाणी असतं. म्हणजे बंद पाइपातली हवा लाकडाचं काही बिघडवू शकत नाही; लाकूडच हवेला आपल्यासारखी करून घेतं. बिघडतं ते बाहेरून सतत नवी हवा येत राहिली तर. जेलची पुडी फक्त सांध्यांतून झिरपणाऱ्या ओलीसाठी. १० ग्रॅमच्या दोन पुड्या पुरतात. एक पुडी अडीच-तीन ग्रॅम पाणी पिऊन थांबते. कुणी हौसेने पावशेर जेल ओततो. मग ते लाकडातलं पाणी ओढायला लागतं, तेही जो भाग पुडीला लागून आहे त्याच भागातलं. टोकाची फेरूल, म्हणजे बॉलला लागणाऱ्या टिपखालचं कडं, सैल होते ती अशाने.

आता प्रत्यक्ष क्यू. पूलचा क्यू बहुतेक दोन तुकड्यांचा: पुढचा शाफ्ट, मागचा बट, प्रत्येकी साधारण २९ इंच, म्हणजे ७४ सेंमीच्या आतबाहेर. वजन मिळून १८ ते २१ औंस, साधारण पाचशे ते सहाशे ग्रॅम. स्नूकरचा क्यू अ‍ॅशचा किंवा मेपलचा, टिप ९-१० मिमीची, आणि बरेचदा तीन-चतुर्थांशावर जोड असलेला. त्याचा लांब तुकडा ११० सेंमीच्या आतबाहेर जातो. अखंड क्यू असेल तर १४५ सेंमीचा सरळसोट दांडा. जितका लांब तितका धोक्याचा, आणि तितका महागही; ते पुढे येईल.

आधी पुसणं. शाफ्टवरची चॉकची निळी भुकटी आणि हाताचा घाम कोरड्या, मऊ सुती फडक्याने काढायचा. ओलं फडकं नको. समुद्रकाठच्या क्यूवर घामाचं मीठ आणि वाऱ्याचं मीठ दोन्ही असतं, आणि मीठ पाणी खेचतं हे वर आलंच. जोडाचा स्क्रू पोलादी असेल तर त्याच्या आट्यांत मशीन ऑइलचा एक थेंब आणि लगेच कोरड्या कापडाने पुसून घेणं. तेल लाकडी तोंडाला लागू द्यायचं नाही. अ‍ॅशच्या शाफ्टला जवसाचं तेल लावायची रीत आहे. लावायचं तर बांधण्याच्या निदान चार दिवस आधी. ओलसर तेलावर फोम चिकटतो आणि सोलताना शाफ्टवर पांढऱ्या सालपटांची रांगोळी उरते.

मग तोंडं. लाकडात पाणी कडेने जितकं शिरतं त्याच्या कितीतरी पट वेगाने टोकातून शिरतं, कारण झाडाच्या नळ्या तिथे उघड्या पडलेल्या असतात. वखारीत ओंडक्यांच्या तोंडांना रंग फासलेला दिसतो तो याच कारणाने. क्यूला अशी उघडी तोंडं जोडावर असतात आणि तीच सगळ्यात नाजूक. स्क्रूवर बसणारी आणि शाफ्टच्या भोकात शिरणारी, अशा दोन जॉइंट कॅप असतात. दोन्ही लावायच्या. निम्मे लोक फक्त स्क्रूवरची लावतात आणि शाफ्टचं तोंड तसंच सोडतात. कॅप नसेल तर बागेतल्या ठिबकाच्या १६ मिमी नळीचा तुकडा कापून स्क्रूवर चढवता येतो. तुकडा स्क्रूपेक्षा अर्धा सेंमी लांब हवा, म्हणजे टोकावर धक्का बसला तर तो आट्यांवर न येता जोडाच्या कड्यावर जातो. शाफ्टच्या भोकात कापूस कोंबू नये, त्याचे धागे आट्यांत अडकतात. फोमची गोळी आणि वरून कागदी मास्किंग टेपची पट्टी पुरे. ही टेप धातूच्या कड्यावरच थांबवायची, पॉलिशवर नाही. खाकी पॅकिंग टेप तर क्यूच्या अंगाला कुठेही लावू नये. घाटात तापलेल्या टेम्पोत तिचा गोंद वितळतो आणि काढताना लाखेचा तुकडा घेऊन निघतो.

उन्हात बंद गाडीच्या आत केवढी भट्टी होते, ते गाडीत विसरलेल्या आंब्याच्या पिशवीचा वास घेतलेल्याला सांगायला नको. याच उष्णतेत बबल रॅपचे फुगे पॉलिशवर गोल ठसे उमटवतात. सुंदर शिसवी बटवर मोजून घ्यावेत असे ठिपके. म्हणून अंगाला लागून आधी धुतलेल्या जुन्या सुती कापडाचा किंवा पातळ पांढऱ्या फोम शीटचा एक वेढा, बबल रॅप हवाच तर त्याच्या बाहेर. दोन्ही तुकडे वेगवेगळे गुंडाळायचे. फोमचे दोन वेढे बसले की प्रत्येक तुकडा आणखी सेंटिमीटरभर जाड होतो, तेवढं पुरे. टिपच्या पुढे फोमची वेगळी टोपी, दोन बोटं जाडीची.

गुंडाळून झाले की दोन्ही तुकडे उलटसुलट शेजारी ठेवायचे: बटचा जाड भाग शाफ्टच्या बारीक टोकाजवळ. मग जुडी दोन्हीकडे सारखी जाड होते आणि पाइपात डुगडुगत नाही. ही जुडी प्लास्टिकच्या जाड, १०० मायक्रॉनच्या नळीत सरकवायची आणि दोन्ही तोंडं सील करायची. इथे मात्र कोकण इतरांच्या पुढे आहे. आंबापोळी, फणसपोळी, कोकम आगळ करणाऱ्या घरांत हातसीलर असतोच, त्याच सीलरची पट्टी मारून घ्यायची. पट्टी दुहेरी मारावी, बोटभर अंतरावर. जेलच्या दोन पुड्या आत, दोन टोकांना एकेक, आणि क्यूच्या लाकडाला थेट न टेकता.

पाइप हार्डवेअरच्या दुकानातला, ११० मिमीचा पीव्हीसी. ९० मिमीचाही चालेल असं वाटतं, पण त्यात जुडी इतकी घट्ट बसते की काढताना ओढाताण होते, आणि क्यूला ओढाताणीचाच त्रास जास्त. सांडपाण्याच्या पाइपांत टाइप ए आणि टाइप बी असे दोन प्रकार मिळतात. ए पातळ, पावसाच्या पाण्यासाठी. बी जाड, संडास-बाथरूमच्या लाइनसाठी. दोन तुकड्यांच्या क्यूला ए पुरतो. महागड्या किंवा लांब क्यूला बी. दोन तुकड्यांसाठी ९० सेंमी कापायचा. १० फुटी पाइपात असे तीन निघतात. कापल्यावर आतून जो कीस आणि भुकटी चिकटते ती धुऊन, पाइप दिवसभर वाळवून मगच वापरायचा. ती भुकटी फोममध्ये रुतून पॉलिशवर वाळूच्या कागदासारखी चालते.

टोकांना पाच-सहा सेंमी दाट फोमची चकती. पार्सल उभं आपटलं की आतला अर्धा किलोचा दांडा हातोड्यासारखा टोकाकडे धावतो आणि त्या धक्क्याची पहिली शिकार टिप आणि फेरूल. नुसता मऊ स्पंज एका आपटीत चपटा होतो. स्पंजाच्या मागे पुठ्ठ्याची किंवा पातळ प्लायची चकती ठेवली की धक्का पसरतो. जुडीच्या बाजूंनी उरलेल्या जागेत फोमच्या पट्ट्या. मग दोन्ही टोकांवर तळवा ठेवून पाइप जोरात हलवायचा. आवाज आला तर पुन्हा उघडायचा. इथे आळस केला तर पुढचं सगळं व्यर्थ.

झाकणं सॉल्व्हंटने चिकटवणारे महाभाग असतात. मग घेणाऱ्याला करवत आणावी लागते आणि करवतीच्या पात्याखाली काय येईल सांगता येत नाही. शिवाय त्या सॉल्व्हंटची वाफ कोंडून पॉलिश चिकट होतं. झाकण दाबून बसवायचं, लांबीच्या दिशेने एका झाकणावरून दुसऱ्या झाकणापर्यंत दोन टेपपट्ट्या ताणायच्या, मग सांध्यांवर गोल वेढे. स्क्रू मारायचाच असेल तर आखूड, आतल्या फोममध्ये थांबेल असा.

गोल पाइप तसाच कुरियरला दिला तर तो घरंगळतो. पट्ट्यावरून पडतो, टेम्पोच्या फळीवर इकडून तिकडे लोळतो. म्हणून तो चौकोनी खोक्यात, पाच प्लायच्या. पुठ्ठा दमट हवेत आपली ताकद निम्म्यावर आणतो, हे लक्षात ठेवून पावसाळ्यात खोक्याला बाहेरून प्लास्टिकचं कापड. ओलसर पुठ्ठ्यावर टेप धरत नाही, तेव्हा खोकाही त्याच कोरड्या खोलीत आधी ठेवलेला हवा.

अखंड किंवा तीन-चतुर्थांश क्यूच्या पाइपाला आणखी एक आधार लागतो. दीड मीटरचा पाइप दोन पोत्यांवर पूल टाकल्यासारखा आडवा पडतो आणि कुणीतरी मधोमध तिसरं पोतं टाकतो. पाइप वाकला की क्यूही त्याच्याबरोबर तासन्‌तास वाकलेला राहतो, आणि दमट लाकूड असा बाक लवकर विसरत नाही. उपाय सिंधुदुर्गात बांधावर उगवतो: वाळलेल्या माणग्याच्या, म्हणजे बांबूच्या, दोन कामट्या पाइपाला बाहेरून, समोरासमोर, मोडक्या हाताला पट्ट्या बांधतात तशा. काथ्याने दर वीतभर अंतरावर बांधायच्या. बाहेरूनच, आत बांबू नको, त्याला भुंगा लागतो.

कार्बन फायबरच्या शाफ्टला या दमटपणाचं काही वाटत नाही. त्याला कडक आपट आणि चेपणं मात्र सोसत नाही, तडा आतून जातो आणि वरून दिसत नाही. बटचं लाकूड तसंच असतं, त्यामुळे वरचं सगळं त्यालाही लागू.

क्यूची स्वतःची कडक केस असली तर लोक तिच्यावरच पत्ता चिकटवून मोकळे होतात. केस ही क्लबात न्यायची वस्तू. तिच्या कड्या धक्क्याने उघडतात. तिच्या आतल्या रिकाम्या जागा फोमने भरून, भोवती पट्टा आवळून, चहूबाजूंनी पाच सेंमी गादी ठेवून तीही खोक्यात जाते. चॉक, टिपची कानस, एक्स्टेन्शन वेगळ्या थैलीत. चॉकचा सुटा ठोकळा एका प्रवासात अख्खी केस निळी करतो.

कुरियरवाला खोका तराजूवर ठेवतो आणि मग मोजपट्टी काढून मोजतो. लांबी, रुंदी, उंची सेंमीत गुणून बहुतेक ठिकाणी ५००० ने भागतात आणि प्रत्यक्ष वजन व हे वजन यांतलं जास्त ते लावतात. ९५ × १३ × १३ चा खोका म्हणजे ३.२ किलो, जरी तराजूवर तो अडीचच्या खाली भरला तरी. अखंड क्यूचा १६० × १४ × १४ म्हणजे सव्वासहा किलोच्या वर. म्हणून रुंदीतला एकेक सेंमी वाचवावासा वाटतो. तो गादीतून वाचवू नये. किंमत खरी सांगून विमा घ्यावा, आणि बांधण्याआधी जोडाची तोंडं, टिप, फेरूल, बटवरचा नंबर यांचे फोटो काढून ठेवावेत. दावा करताना क्यूच्या फोटोंइतकेच आतल्या पॅकिंगचे फोटोही मागतात. माल ५०,००० रुपयांच्या वरचा आणि विक्रीचा असेल तर ई-वे बिलाचं बघावं लागतं.

पत्ता. आपल्याकडे पत्ता म्हणजे वाडी, देवळामागे, अमक्यांच्या घरावरून खाली. घेणारा कोकणात असेल तर मोबाइल नंबर पत्त्यापेक्षा मोठ्या अक्षरांत लिहावा. शाई ओघळते, म्हणून वरून पारदर्शक टेप, आणि पत्त्याची दुसरी प्रत पाइपाच्या आत. ‘नाजूक’ असं लाल अक्षरांत लिहायला हरकत नाही. त्यावर विसंबायचं नाही एवढंच.

परदेशी पाठवायचं तर लाकडाचं नाव विचारलं जातं. ब्राझिलियन शिसवी आणखी कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहे; ती सोडली तर शिसवीचं कुळ २०१७ पासून साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०१९ मध्ये दुसऱ्या परिशिष्टातल्या शिसवीच्या तयार वस्तूंना १० किलोपर्यंत सूट मिळाली, त्यामुळे एका बटची अडचण सहसा येत नाही, पण कागदावर लाकडाचं नाव स्पष्ट असावं. जुन्या क्यूची फेरूल किंवा नक्षी हस्तिदंती असेल तर विषयच संपला. तो क्यू घरीच राहू द्यावा.

रेल्वेने, एसटीने की कुरियरने, याचं एकच उत्तर नाही. कमी वेळा हात बदलणारा मार्ग चांगला. आंबा, कुंभार्ली, फोंडा, आंबोली, कुठल्याही घाटात वळणावळणाला माल एका अंगावर कलतो. आडवं ठेवलेलं, खाली सपाट टेकलेलं पार्सल ते सहन करतं. कोपऱ्यात उभं केलेलं पहिल्या वळणावर पडतं. खोक्याच्या चारही लांब बाजूंवर ‘आडवे ठेवा’ लिहिलं, तर वाचणारा एखादा भेटतो.

पोचल्यावर घाई घेणाऱ्याची असते. रत्नागिरीहून सोलापूरला गेलेला क्यू एकदम उघड्या, कोरड्या हवेत काढू नये. खोका उघडून पाइप खोलीत दिवसभर तसाच ठेवावा, मग प्लास्टिकचं एक तोंड कापून आणखी एक रात्र. नंतर तुकडे वेगवेगळे करून टेबलावर लोळवून बघायचे. जोडलेला क्यू लोळवला तर बटच्या निमुळतेपणामुळे सरळ क्यूही डोलल्यासारखा दिसतो आणि उगाच भांडणं होतात. शाफ्टखालून दिसणारी प्रकाशाची फट लोळताना कमीजास्त होत राहिली तर बाक आहे; एकसारखी राहिली तर नाही. आणि जोडताना स्क्रू अर्ध्यात अडला तर जोर करू नये. लाकडातच आटे पाडलेला शाफ्ट ओल पिऊन फुगलेला असतो; तो उलट फिरवून सोडवायचा, कॅप काढून ठेवायची आणि दोन दिवसांनी पुन्हा फिरवून बघायचा.